फायटरला शुक्रवारची सुट्टी

आमच्या गल्लीत कुणाचा फायटर मासा आजारी पडला, की माणसं त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या दारात येतात. मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मला सगळं कळतं असा त्यांचा समज आहे. पण खरं कारण वेगळं आहे. त्यांचे फायटर महिना-दोन महिन्यांत उलटे होतात आणि आमच्याकडचा वर्षं काढतो. "मॅडम, तुमच्या हाताला गुण आहे," असं म्हणतात. मी कुणाला आत बोलावत नाही. जिन्यावरच उभं करते आणि तिथेच झापते.

झापण्यासारखंच असतं. लोणच्याची बरणी रिकामी झाली की हे लोक तिच्यात मासा ठेवतात. नळाचं पाणी थेट ओततात आणि त्यातल्या क्लोरिनने त्या बिचाऱ्याचे कल्ले भाजून निघतात. आणि उठता-बसता खायला घालतात, कारण घरात कुणी उपाशी आहे म्हटलं की यांच्या जिवाची घालमेल होते. फायटरचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं. तो फुगून तरंगायला लागला की माझ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून म्हणणार, "कालपर्यंत चांगला होता हो."

मी सांगते, बरणी फेका, काचेची टाकी घ्या. पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवा, क्लोरिन मारणारे थेंब टाका, मग वापरा. आठवड्याला थोडंच पाणी बदला, सगळं उपसू नका. देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन आत सोडा. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, ते होऊ द्या, त्याला तेच मानवतं. वर जाळीचं झाकण ठेवा, कारण हा मासा उडी मारतो. आणि पाण्यावर साय धरू देऊ नका. फायटर वर येऊन तोंडाने हवा घेतो. आमच्या भागात खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, चालू असले की कापसाची रुई उडते आणि टाकीवर तिचा पापुद्रा बसतो. तो रोज कागदाने टिपावा लागतो, नाहीतर मासा पाण्यात राहून गुदमरतो. शेवटचं म्हणजे, आठवड्यातून एक दिवस त्याला उपाशी ठेवा. आम्ही शुक्रवारी ठेवतो.

एवढं ऐकून ते जातात. आम्ही त्याला एवढ्या निगुतीने का जगवतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं घर निजामपुऱ्यात, वरच्या मजल्यावर. खाली वडिलांचा कारखाना, म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दाटीवाटीने उभे केलेले लूम. आमच्याकडे लूमला साचा म्हणतात. वडील गॅलरीत खुर्ची टाकून बसत आणि कानाने कारखाना चालवत. सगळे साचे एकदम खडखडत असताना त्यातला एक थांबला तरी त्यांना वर बसून कळायचं. मग गॅलरीतून वाकून कामगाराच्या नावाने ओरडणं, "साचा कायको बंद है रे?" धागा तुटला असेल, बॉबिन संपली असेल, माणूस मुतायला गेला असेल, त्यांना कारण नको असायचं. बंद साचा त्यांना डोळ्यांसमोर चालत नसे. थांबलेला साचा म्हणजे त्यांच्या लेखी कुणीतरी त्यांच्या तोंडावर केलेला हरामखोरपणा.

हाच न्याय घरात. आई दुपारी जरा भिंतीला टेकून बसलेली दिसली की त्यांचं डोकं फिरे. आणि डोकं फिरलं की उजवा हात फिरे. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच वडील असे असतात, आणि इतरांच्या घरातलं आपल्याला लूमच्या आवाजात ऐकू येत नाही. आमच्या घरातलंही कुणाला ऐकू जात नव्हतं, हे खरंच. खाली एवढा खडखडाट की वर भांडं आपटलं काय आणि बाई आपटली काय, सारखंच.

शुक्रवारी मात्र लूमला सुट्टी असते. त्या दिवशी गल्ली इतकी शांत व्हायची की समोरच्या घरातली फोडणी ऐकू यायची. वडील शुक्रवारी कधीच हात उचलत नसत. लोक त्यांना शेठ म्हणायचे, आणि शेठच्या घरातून आवाज येणं त्यांना परवडणारं नव्हतं. आईची साप्ताहिक सुट्टी ती एवढी. ती त्या दिवशी डोक्यावरून न्हायची आणि ओले केस मोकळे सोडून गॅलरीत उभी राहायची.

मी शिकले, कल्याणच्या शाळेत लागले, आणि पहिल्या संधीला तिथे एका खोलीचं घर भाड्याने घेतलं. लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्या नातेवाईक बायकांना मी आमच्या आईबापाचा संसार दाखवत असे. त्या लगेच विषय बदलायच्या.

मग वडिलांना झटका आला. उजवं अंग गेलं. जीभही जड झाली होती, पण ती लवकर परत आली आणि शिव्यांपासून परत आली. पाय हळूहळू टेकायला लागले. हात मात्र मेला. खांद्याला नुसता टांगल्यासारखा, बोटं आत वळलेली. साचे त्यांनी भाड्याने चालवायला दिले, आणि मी कल्याणच्या घराला कुलूप लावून परत आले, कारण त्यांना न्हाणीघरात नेणं, अंघोळ घालणं, भरवणं हे एकट्या आईच्याने होणारं नव्हतं. शाळेच्या आधी अंघोळ, शाळेनंतर जेवण. बापाला अंघोळ घालताना तो आपल्याला "हळू, गाढवे," म्हणतो, हे सुख ज्याने घेतलंय त्यालाच कळेल.

तेव्हा मी काय ठरवलं होतं ते सरळ सांगते. त्यांचा हात मला हवा होता. प्रेमाने नव्हे. तो हात बरा झाला, त्यांनी स्वतःचं स्वतः खाल्लं-न्हालं, तर मी सुटणार होते. माझ्या खोलीचं कुलूप, माझी चहाची पातेली, माझी रविवारची झोप, हे सगळं त्या वळलेल्या बोटांत अडकलं होतं.

आईला तो हात नको होता. तिने हे तोंडाने म्हटलं नव्हतं, पण दिसत होतं. झटक्यानंतर ती जाड झाली. दुपारी भिंतीला टेकून बसायला लागली, आणि तेही त्यांच्या समोर. ते डाव्या हाताने काठी आपटत आणि ती ऐकू न आल्यासारखी मोरळीवर, म्हणजे विळीवर, मासे कापत राही. ती दिघाशीची, गावाकडची. तिथल्या बायकांना मासळी कापता कापता जगाकडे दुर्लक्ष करता येतं.

फिजिओथेरपीची मुलगी एक दिवसाआड यायची. तिने ताटलीत मूग आणि चणे मिसळून दिले आणि उजव्या हाताच्या चिमटीने वेगळे करायला सांगितलं. वडिलांनी ताटली भिंतीवर मारली, डाव्या हाताने. ती पोरगी हसतमुख होती. म्हणाली, "ताई, काकांना मनापासून करावंसं वाटेल असं काहीतरी शोधा. बोटं आपोआप उघडतील."

वडिलांना मनापासून काय करावंसं वाटतं हे मला ठाऊक होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माशांची टाकी आहे, ती मीच सांभाळते. तिथून मला सुचलं. नाक्यावरच्या दुकानातून एक निळा फायटर आणला, लांब शेपटीचा. टाकी वडिलांच्या पलंगाशेजारी टेबलावर ठेवली आणि दाण्यांची डबी त्यांच्यासमोर उघडली.

आईने टाकीत डोकावून पाहिलं. "खायाचा न्हाय, मंग कशाला आनलास?" मी बादलीतलं शिळं पाणी मोजून ओतत होते ते ती बघत राहिली. तिच्या हिशेबात माशाला पाणी लागतं ते कापून झाल्यावर धुवायला.

वडील आधी तोंड फिरवून झोपले. पण मासा उपाशी होता आणि त्यांच्या बाजूच्या काचेला येऊन तोंड उघड-मीट करत होता. कुणीतरी आपल्यापुढे येऊन मागतंय, हे दृश्य त्यांना आवडीचं. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ते उजवा हात डाव्या हाताने उचलून डबीत घालत होते. दाणा मोहरीएवढा. चिमटीत यायचा आणि पडायचा. ते कपाळाला घाम येईपर्यंत धडपडले आणि शेवटी एक दाणा पाण्यात पडला. मासा वर झेपावला. तेवढ्यात आलेली फिजिओवाली मुलगी टाळ्या वाजवत म्हणाली, "काका, मस्त!" मी खुशीत तिला चहा दिला. आईने त्या चहात साखर घातली नव्हती.

इथपर्यंत ठीक होतं. पण फायटर हा स्वभावाने बसून राहणारा मासा. थोडं फिरतो, मग पानावर आडवा होतो, नाहीतर कोपऱ्यात पर मिटून स्वस्थ राहतो. तब्येत चांगली असली तरी तो असाच विसावतो, त्याला त्याची गरज असते. वडिलांना ते बघवेना. बदामाच्या पानावर तो टेकला की ते पलंगावर ताठ व्हायचे. "बंद पडला बघ. चांगला खातो आणि बंद पडतो." मी परोपरीने सांगितलं की आराम करतोय, आजारी नाही. ते म्हणाले, "तू मला शिकवू नको. बंद साचा मी ओळखतो. दोन दिवस बंद ठेव, गंज चढतो."

आणि एका सकाळी दाढी करताना त्यांचा गोल आरसा टाकीच्या काचेला टेकला. माशाला आरशात दुसरा मासा दिसला. क्षणात त्याने कल्ले फुगवले, पर पसरले, अंगाचा रंग गडद झाला, आणि तो आरशावर धावून गेला. वडील मोठ्याने हसले. झटका आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्याआधीही फारसं नाही.

आरसा दाखवणं तसं वाईट नाही. दिवसातून जरा वेळ दाखवला तर फायटरला व्यायाम होतो, पोट साफ राहतं. जरा वेळ. वडिलांनी ते शिफ्टवर लावलं. मासा थांबला की आरसा. मासा दमून पानावर गेला की आरसा त्या बाजूला. आणि आरसा धरायचा कुठल्या हाताने, तर उजव्या. डाव्याने टेबलाची कड धरून पुढे वाकायला लागायचं ना. "ए हरामखोर, साचा कायको बंद है? चल, चालू कर," असं म्हणत ते मुठीत आरसा आवळायचे, आणि जी बोटं चण्यामुगाने उघडली नाहीत ती मिटायला-उघडायला लागली. फिजिओवाली मुलगी म्हणाली, "करू द्या त्यांना, ताई. याहून चांगली एक्झरसाइज मी देऊ शकत नाही."

गल्लीत गवगवा झाला. समोरची शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, "मुका जीव, पण माणसाला उठवून बसवलंन." मुका जीव तेव्हा काचेवर तोंड आपटत होता.

आणि एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती. शुक्रवारी वडील आरसा हातात घेत नसत. मी विचारलं तर म्हणाले, "आज सुट्टी." खाली लूम बंद, वर मासाही बंद. मी त्याला त्या दिवशी दाणेही देत नसे, म्हणजे त्याच्या पोटालाही सुट्टी. शुक्रवारी टाकीतलं पाणी हलायचं थांबे, कारण एरवी खालच्या यंत्रांनी सगळं घर आणि टाकी थरथरत असते. मासा पानावर दिवसभर पडून राही. आई गॅलरीत केस वाळवत उभी असे. मी एकदा तिच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मला त्या माणसाची शिसारी आली.

सुरुवातीला आईचंही बरं चाललं होतं. सगळ्या शिव्या टाकीत जात होत्या. ती दारात मोरळी मांडून बसे आणि मान खाली घालून ऐके, माझ्या मते जरा हसूनच. पण वडिलांच्या मुठीत पेला राहायला लागला तसं तिचं हसणं संपलं. एकदा आरसा सापडेना. सगळं घर शोधलं. तो तांदळाच्या डब्यात तळाला होता. मग दाण्यांच्या डबीत पाणी गेलं आणि दाणे कुजले. मग एके दिवशी फिजिओवालीला आईने जिन्यावरूनच परत पाठवलं, "आज ह्ये झोपल्यात," म्हणून. ते जागे होते.

मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला त्यांचा हात बरा व्हायला नकोय का?"

"न्हाय," आई म्हणाली. बोंबील साफ करत होती, मान वरही केली नाही.

"आई, हात बरा झाला तर मी सुटेन गं. तूही सुटशील. किती दिवस घास भरवणार?"

"तू सुटशील. माजं मला ठाव हाय. त्यो हात माज्या वळखीचा हाय."

मला राग आला. म्हातारा झालाय, आजारी आहे, आता कुठलं मारतोय, असलं काहीबाही मी बोलले. तिने बोंबलाचं डोकं छाटलं आणि म्हणाली, "घास भरवाया मला जड न्हाय वाटत."

मी दुसऱ्या दिवशी नवी डबी आणली.

पुढे हात सुधारत गेला आणि मासा खंगत गेला. दोन्ही एकाच टेबलावर होत होतं. माशाच्या निळ्या रंगावर राख बसल्यासारखी झाली. शेपटीच्या कडा झिजल्या. काही काचेवर आपटून गेल्या आणि काही त्याने स्वतःच चावून काढल्या. फायटर फार त्रासला की स्वतःची शेपूट खातो. परांच्या टोकाला पांढरट सड लागली. मी पाणी बदललं, खडेमीठ घातलं, टाकीला फडकं गुंडाळलं. वडील फडकं ओढून काढत. एव्हाना शर्टाची बटणं ते आपली आपण लावत होते, त्यांना फडक्याचं काय.

मी म्हटलं, "बाबा, तो मरेल. आता थांबा. तुमचा हात बरा झालाय की."

"मरेल तो त्याच्या मस्तीने मरेल. मला बंद माल दाखवू नको."

मग मी विचारलंच नाही. ते संडासात गेले असताना मासा जाळीने उचलला, माझ्या खोलीत बादलीत सोडला, त्यात मीठ, बदामाचं पान, आणि वर ओलं फडकं. टाकी रिकामी केली. त्याला निदान काही दिवस अंधार आणि शांतता मिळाली असती तर तो वाचला असता. सड तेवढी पसरलेली नव्हती. ते परत आले, टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पलंगावर जाऊन आडवे झाले. मला वाटलं, जिंकले.

तो गुरुवार होता. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी खोलीत माशाचं पाणी बघत होते. खाली सगळं बंद. आई वडिलांना चहा द्यायला गेली. चहा निवला होता की कप भरून नव्हता, मला माहीत नाही आणि कळून उपयोग नाही. आवाज आला. तो आवाज कसला आहे हे ओळखायला मला लहानपणापासून कधी दुसऱ्यांदा ऐकावं लागलेलं नाही.

मी दारात पोचले तेव्हा त्यांचा हात अजून वर होता. खांदा पूर्ण उचललेला, कोपर सरळ, तळवा उघडा, बोटं एकमेकांना लागून. फिजिओवालीने पाहिलं असतं तर टाळ्या वाजवल्या असत्या. आईच्या गालावर चारही बोटं उमटली होती, म्हणजे एकही बोट वाकडं राहिलं नव्हतं. तिने पदर सारखा केला, खाली पडलेला कप उचलला, आणि फरशीवरचा चहा पुसायला लागली. शुक्रवार असूनही त्यांनी हात उचलला होता. गल्लीला ऐकू गेलं असणार. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरची शेजारीण मला म्हणाली, "काल तुमच्याकडे काही पडलं का गं?"

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.  म्हटलं, "पुन्हा हात उचललात तर मी तुमचं काही करणार नाही. अंघोळ नाही, जेवण नाही, काही नाही."

ते हसले. उजवा हात पुढे करून त्यांनी बोटं एकदा मिटली आणि एकदा उघडली, मला नीट दिसेल अशी. "नको करू. सगळं माझं मी करतो आता. तुझी गरज काय? जा तू कल्याणला."

 ज्या दिवसाची मी वाट पाहत होते तो आला होता, आणि तो मला बापाच्या तोंडून कळला.

आईला मी खोलीत ओढून आणलं आणि दार लावलं. "चल. आत्ता चल माझ्याबरोबर. दोन साड्या घे." ती खाटेवर बसली. गाल सुजत होता. "तिकडं तुजी येक खोली. आनि इकडं ह्यांना कोन बघल?" असं म्हणाली, जणू तेच आजारी होते. मी रडले, ओरडले, तिला मूर्ख म्हटलं. ती तोवर बादलीवरचं फडकं बाजूला करून आत बघत होती.

"कवा बरा व्हईल ह्यो?" तिने विचारलं.

"कोण?"

"मासा."

मी म्हटलं, आठ-पंधरा दिवस लागतील, तेही शांत राहिला तर.

"येवडे दिवस न्हाय जमनार," आई म्हणाली. "आज लाव त्याला टाकीत. आजच लाव."

मी नाही म्हणाले. तिने माझ्याशी वाद घातला नाही. बादली उचलली आणि स्वतःच बाहेर नेली. ज्या बाईने आरसा तांदळात पुरला होता तिने तो पदराने पुसून वडिलांच्या हाताशी ठेवला, आणि मासा टाकीत ओतला, पानासकट. वडिलांनी आरसा लावला. निळा फायटर जागच्या जागी वळला, उरलेले पर त्याने पसरले, कल्ले फुगवले. आई शेजारी उभी राहून बघत होती. मासा आरशावर गेला तेव्हा तिने सोडलेला श्वास मला ऐकू आला.

तो त्यानंतर फार टिकला नाही. एका सकाळी रुई टिपायला कागद घेऊन गेले तर तो पापुद्र्याखाली आडवा होता, तोंड वर. वडील अजून उठले नव्हते. मी त्याला कुंडीत पुरला. आई हात धुऊन आली, नवी साडी नेसली, आणि म्हणाली, "चल दुकानात. ह्ये उटायच्या आत."

दुकानात फायटर प्लास्टिकच्या पेल्यांमध्ये ठेवलेले असतात, एकेकाचा एकेक पेला, आणि मध्ये पुठ्ठे लावलेले, नाहीतर दिवसभर एकमेकांना बघून भांडत मरतील. आई आयुष्यभर मासळी बाजारातून मासे घेत आली. कल्ला उचलून आतला लाल रंग बघायचा, बोटाने दाबायचं, भाव पाडायचा. इथे तिला दाबता येत नव्हतं. ती त्या पेल्यांच्या रांगेसमोर वाकली आणि एकेकाकडे बराच वेळ बघत राहिली. दुकानदार तरुण मुसलमान माणूस होता, म्हणाला, "मावशी, कलर कोन्ता पायजे? लाल, सफेद, सब हाय."

"रंग कसला बी चालंल," आई म्हणाली. "ह्यांत रागीट कोन्ता हाय?"

तो हसला. "सगळेच रागीट. नावच फायटर." त्याने तिला गंमत म्हणून दोन पेल्यांमधला पुठ्ठा काढून दाखवला. एका बाजूला पांढरा होता, एका बाजूला लाल. दोघे फुगले. जरा वेळाने पांढऱ्याने पर मिटले आणि तोंड फिरवलं. आईने त्याला नको म्हटलं. दुसरा पुठ्ठा काढायला लावला, मग तिसरा. दुकानदाराला आता मजा वाटेनाशी झाली होती, पण ती हटेना. तिच्या गालावरची सूज उतरली होती आणि पिवळं-हिरवं उरलं होतं, ते त्याने पाहिलं आणि तो निमूटपणे पुठ्ठे काढत राहिला. शेवटी त्या पहिल्या लाल माशासमोरचा पेला उचलून नेला तरी तो रिकाम्या जागेकडे कल्ले फुगवून उभाच राहिला, बराच वेळ, थकेपर्यंत आणि थकल्यावरही.

"ह्यो द्या," आई म्हणाली.

त्याने मासा पिशवीत बांधला. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर तिने ती स्वतःच घेतली, दोन्ही हातांत, छातीशी.  आमच्या जिन्याखाली आली, कारखान्याच्या दाराशी, जिथे एकमेकांचं बोलणं ऐकायला तोंड कानाला लावावं लागतं. तिथे थांबून तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"तुला समदं येतंय ना माशाचं," ती म्हणाली. "ह्याला चांगला जप. लय दिवस पुरला पायजेल."